साठच्या पुढं माप नाही

“दादा, नुसता ब्रश मारून द्या,” असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. स्वभाव तापटच आहे माझा. बायको म्हणते, तुम्ही मशीनपाशी असलेले बरे, माणसांत बसत जाऊ नका. पण ब्रशच्या बाबतीत मी चुकत नाही. बारामतीत इंदापूर रोडला माझं बोअरिंग-होनिंगचं, म्हणजे झिजलेल्या इंजिनांचे सिलिंडर आतून घासून मापात आणायचं दुकान आहे, सत्तावीस वर्षं झाली. दुसऱ्याच्या ब्रशनं चकाकलेली आणि महिन्याभरात धूर मारत माझ्याकडं आलेली इंजिनं मोजायची मी कधीच सोडून दिली.

त्या दिवशी ते वाक्य भीमा मिस्त्री बोलला. कळंबचा भीमा, ट्रॅक्टरची इंजिनं खोलतो-बांधतो. हात चांगला, पण सगळं कालच व्हायला पाहिजे असतं त्याला. मे महिन्याचा पहिला आठवडा होता. पिकअपमधून तीन सिलिंडरच्या इंजिनाचा एक जुना ब्लॉक घेऊन तो आला, आणि त्याच्यामागून दगडाआत्या आणि तिची सून रेश्मा उतरल्या. आत्याला बघून मी हातातलं काम खाली ठेवलं.

दगडाबाई माझ्या नात्यातली नाही. मी लहान असताना तिची मेंढरं खतासाठी आमच्या रानात बसायला यायची. पंधरा-पंधरा दिवस मुक्काम असायचा. मी शाळा बुडवून तिच्या चुलीपाशी जाऊन बसायचो, ती गरम भाकरीवर मेंढीचं दूध ओतून द्यायची. तेव्हापासून ती माझी आत्या आणि मी तिचा मोहन. बाकी सगळ्या दुनियेला मी मोहनराव.

“मोहन, लेका, ह्येला जित्ता कर,” ब्लॉकवर हात ठेवून ती म्हणाली. “न्हायतर माझी रोपं जात्यात बघ.”

रोपांची हकीगत मला ठाऊक होती. चरायला रानच उरलं नाही, जिकडं बघावं तिकडं ऊस नाहीतर प्लॉटिंग, म्हणून तिनं आदल्या वर्षी होती नव्हती तेवढी मेंढरं विकली. त्या पैशात कळसला स्वतःच्या मुरमाड तुकड्यावर डाळिंबाची साडेतीनशे रोपं लावली. विहीर चैत्रातच आटली. कालव्याचं आवर्तन जूनच्या शेवटाशिवाय येत नव्हतं. तोवर नऊ किलोमीटरवरून रोज दोन टँकर पाणी आणायचं, आणि ते रेश्मा आणायची, ह्याच ट्रॅक्टरनं. नवरा ट्रकवर गुजरातेत. दुसऱ्याचा ट्रॅक्टर मागावा तर मे महिन्यात ज्याचा त्याचा टँकर ज्याच्या त्याच्या बागेला जुंपलेला. जूनच्या शेवटापर्यंत हे इंजिन चालायला हवं होतं, एवढाच प्रश्न होता. चाललं तर बाग, नाही चाललं तर सरपण.

मी आतलं माप घ्यायचं बोअर गेज ब्लॉकमध्ये सोडलं आणि कपाळावर हात मारला.

“भीमा, ह्ये साठवर हाय रं.”

“व्हय दादा. म्हणून तर म्हणतो, ब्रश मारा.”

साठ म्हणजे काय ते सांगतो. इंजिन झिजलं की बोअर, म्हणजे सिलिंडरचं भोक, थोडा मोठा करायचा आणि त्या मापाचा मोठा पिस्टन टाकायचा. ह्या मॉडेलला वीस, चाळीस आणि साठ, एवढीच मापं. साठच्या पुढं माप नाही. ह्या ब्लॉकला वेगळा लायनरही नसतो, आणि आतून नळी बसवावी तर मधल्या बोअरच्या भिंतीला पाण्याच्या बाजूनं गंजानं इतकं खाल्लेलं की मशीन लावलं तर भोकच पडलं असतं. ट्रॅक्टर रेश्मापेक्षा वयानं मोठा. त्याच्या पिस्टनचा साठचा एक नवा सेट भीमानं कुठल्यातरी जुन्या दुकानाच्या माळ्यावरून धुंडाळून आणला होता. तो शेवटचा.

आणि बोअर वरच्या अंगाला खालच्यापेक्षा चार थाउ रुंद. थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, आपल्या डोक्याचा केस तीन थाउ भरतो. शिवाय तिन्ही बोअर गोल राहिले नव्हते, अंड्यासारखे झाले होते.

“ब्रश मार म्हणतोस?” मी भीमावर घसरलो. “ब्रशच्या काड्यांना काय डोळे हायेत का? भिंत वाकडी आसंल तर ब्रश वाकडा फिरतो. अंड्याला पॉलिश करून देऊ व्हय तुला?”

“मग तीन पायाचा मारा.”

“त्यो बी स्प्रिंगवरच हाय. जशी भिंत तसा त्यो. तुझ्यासारखा, जो बोलंल त्याच्याकडं मान हलवणारा.”

आत्या हसली.

बोअर घासायच्या ह्या हत्यारांना होन म्हणतात, आणि माझ्याकडं तिसरा होन आहे, घट्ट डोक्याचा. दोन बाजूंना घासायचे दगड, दोन बाजूंना नुसते आधार, आणि मध्ये स्क्रू. जेवढा उघडून द्याल तेवढाच उघडा राहतो, भिंतीचं ऐकत नाही. भिंत जिथं आत आलेली असेल तिथं घासतो, मागं गेलेली असेल तिथं नुसता फिरतो. बोअर सरळ आणि गोल करायचा तर हाच. पण तो लोखंड खातो. वरच्या रुंद मापाला खालचं माप आणायचं म्हणजे पिस्टन थोडा सैल पडणार, सकाळी गार असताना ठोकणार. जास्त गेलं हातून तर संपलं. ते मी तिघांनाही बसवून नीट सांगितलं.

“एकदाच हात लावता येईल, आत्या. परत उघडायची सोय न्हाय.”

“तू करशील त्ये खरं,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला सुरू केलं. दीडशे नंबरचे दगड लावले. मोठं सावकाश फिरणारं ड्रिल माझ्या हातात, रेश्मा केरोसीनमध्ये थोडं ऑइल घालून वरून धार सोडतेय. खालच्या अंगाला छोटे हात मारायचे, कारण अरुंद तिथं आहे. मशीन मनगटात बोलतं. खाली गेलं की जड, वर आलं की हलकं. वीस हात झाले की थांबायचं, पुसायचं, लोखंड गार होऊ द्यायचं, मगच मोजायचं. गरम असताना मोजलं की माप खोटं सांगतं. भीमाला हे थांबणं सहन होत नव्हतं, तो सारखा उठून बाहेर बघून येत होता.

दुपारी तीनला शेवटच्या बोअरला मनगटातला जडपणा गेला. वर, मध्ये, खाली, सगळीकडं एकच वजन. मग दोनशे वीसचे दगड लावून शेवटचे हात मारले. फिरण्याचा वेग आणि वर-खाली करण्याचा वेग जुळला की भिंतीवर तिरक्या रेघांची जाळी उमटते. तेल त्या जाळीत थांबतं आणि रिंगा त्या तेलावर चालतात. तिन्ही बोअरना अशी जाळी पडली की मीच बॅटरी धरून दोनदा बघितली. वर-खाली फरक अर्धा थाउ. सत्तावीस वर्षांत इतकं चांगलं काम माझ्या हातून झालं नव्हतं. बढाई मारत नाही. ती नुसती बढाई असती तर बरं झालं असतं.

मग धुणं. इथंही भीमा मध्ये पडला.

“पाणी? दादा, लोखंडाला पाणी लावताय? डिझेलनं धुवू की.”

“डिझेलनं धुतलं तर ऑइल जातं आन् दगडाची पूड जाळीत तळाला बसती. ती पूड म्हंजी काय? होनच. इंजिन सुरू झालं की ती रिंगांखाली परत घासाय लागती, आन् तिथं थांब म्हणणारा कोण न्हाय. गरम पाणी, साबणाची पावडर आन् ब्रश. पांढरं फडकं आत फिरवायचं आन् पांढरंच बाहेर आलं पायजे.”

रेश्मानं दोन घमेली पाणी तापवलं. नऊ वेळा धुतलं. नवव्या खेपेला फडकं पांढरं आलं. लगेच हवा मारून कोरडं केलं, तिन्ही बोअरना आतून तेलाचा हात दिला, आणि मी रिंगांचं पाकीट आणायला मार्केटला गेलो. जाताना ब्लॉकवर कापड झाकून गेलो होतो.

परत आलो तर कापड बाजूला, आणि तिन्ही बोअर पिवळेधमक.

आत्या हात जोडून उभी होती. कमरेच्या पिशवीतून तिनं मूठ-मूठ भंडारा उधळला होता. तेलाचा हात ताजा, त्यामुळं सगळा भिंतीला चिकटलेला. भीमाही जोडीला टाळ्या वाजवत होता, गाढव.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. “ए म्हातारे!” मी ओरडलो. “अक्कल हाय का तुला? दिवसभर मरमर मेलो हितं! कुणी सांगितलं हुतं कापड काढायला? मेंढरू हाय व्हय हे, आलं मनात की टाकला भंडारा!”

रस्त्यावरचा चहावालासुद्धा आत डोकावला. आत्याचे जोडलेले हात तसेच राहिले. मग तिनं ते माझ्याकडं वळवले.

“चुकलं, मोहनराव,” ती म्हणाली.

पन्नास वर्षांत ती मला मोहनराव म्हणाली नव्हती. ती बाहेर गेली आणि दुकानाच्या पायरीला, गटाराच्या कडेला पदर डोक्यावर ओढून बसली. जिच्या हातचं खाऊन वाढलो तिला मी चारचौघांत म्हातारे म्हणालो, तिच्या देवाच्या भंडाऱ्यावरून. देव तरी एकट्या तिचा कुठं? माझ्या घरीही देव्हाऱ्यात खंडोबाच आहे.

रेश्मा हळूच म्हणाली, “दादा, पाणी तापवू परत?”

हो म्हणायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं. पण दुकानातलं पाणी त्याच गटारातून जातं, आत्याच्या पायांपासून. मघाशी दगडाची काळी पूड गेली होती, आता पिवळं पाणी गेलं असतं आणि तिनं ते जाताना बघितलं असतं. आधीच शिव्या घातलेल्या, वरून तिचा भंडारा गटारात सोडायचा. माझा जीव होईना.

“ऱ्हाऊ दे,” मी म्हणालो. “देवाचं हाय. पुसून घेतो.”

तेलाच्या फडक्यानं पुसून घेतलं. फडकं पिवळं आलं, दुसरं पिवळं, तिसरं जरा कमी. चिमटीत थोडा चोळून बघितला. आणि हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आता सांगतो. बोटांना कच लागली. बाजारात मिळणारा भंडारा काही शुद्ध हळदीचा नसतो, कोण काय दळून त्यात घालतं देव जाणे. दगडाचा नंबर मी डोळे मिटून चिमटीत ओळखतो, आणि त्या पिवळ्या पुडीत दगड होता. मी मनाला म्हटलं, हळदच असेल, गाठी असतील, जळून जाईल. भीमाला दिवसभर जे शिकवलं होतं ते सगळं मी दहा मिनिटांत गिळून टाकलं. मग त्याला म्हणालो, “घाल पिस्टन.”

ब्लॉक कळसला नेऊन भीमानं तो ट्रॅक्टरवर चढवला, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्यासमोर इंजिन सुरू झालं. गार असताना जरा ठोकलं, मग लागलं सुरात. रेश्मा इतकी खूश झाली की तिनं गिअर टाकून ट्रॅक्टर जाग्यावरच चार बोटं पुढं-मागं केला. आत्या लांबूनच हात जोडून म्हणाली, “लई उपकार झालं, मोहनराव.” मला ते राव अंगावर धोंडा पडल्यागत लागलं.

बाराव्या दिवशी सकाळी रेश्माचा फोन आला.

“दादा, निळा धूर मारतोय. ऑइलचं झाकण काढलं की आतून फुफाटा येतोय. चढाला टँकर वढत न्हाय.”

ती एवढंच बोलली आणि मला सगळं कळलं. भीमाला घेऊन कळसला गेलो, बागेतच इंजिनाचं वरचं हेड काढलं. जाळी नव्हती. तिन्ही बोअरना वरून खालपर्यंत उभ्या रेघा, नखानं ओढल्यासारख्या. गेज लावलं. पहिला नऊ थाउ झिजलेला, दुसरा आठ, तिसरा अकरा. रिंगा ब्लेडगत पातळ झाल्या होत्या. नळी बसवायला भिंत नव्हती, मोठा पिस्टन जगात नव्हता. होनची पेटी मी गाडीत आणली होती, ती उघडलीसुद्धा नाही.

“असं कसं झालं?” भीमा चक्रावला. “दादा, तुमी तर नऊ वेळा धुतलं.”

आत्या समोर उभी होती. रेश्मा माझ्याकडं बघत होती, नजर हलवत नव्हती. आणि मी, ज्याचं तोंड कधी बंद राहत नाही तो मी, म्हणालो, “रिंगा डुप्लिकेट असतील.”

रेश्मानं मान फिरवली. त्या पोरीला माहीत होतं.

पुढचे दिवस मी वेड्यासारखा फिरलो. इंदापूर, टेंभुर्णी, अकलूज, भंगारवाल्यांचे ढीग उलथेपालथे केले. तसला एक ब्लॉक मिळाला, तो मधोमध तडकलेला. शेजाऱ्यांनी आत्याला चार टँकर दिले, मग त्यांचीही झाडं माना टाकायला लागली. रेश्मा मोटारसायकलला कॅन बांधून पाणी आणायची. साडेतीनशे रोपांना ते काय पुरणार? दोघींनी शंभर निवडली, बाकीची सोडून दिली. मग शंभरातली चाळीस निवडली. कुठली जगवायची हे आत्या ठरवायची, रोपापाशी बसून, पानं हातात घेऊन. मी दोनदा कॅन घेऊन गेलो. ऊन असं की ओतलेलं पाणी मुळापर्यंत जायच्या आत मुरूम पिऊन टाकायचा. जूनच्या दहा तारखेला ती चाळीसही गेली.

त्यानंतर आठ दिवस मला जेवण गेलं नाही. बायको विचारायची, मी तिच्यावर खेकसायचो. शेवटी एका सकाळी गाडी काढली आणि कळसला गेलो. सांगून टाकायचं ठरवलं होतं. काय होईल ते होवो, शिव्या देईल, थोबाडीत मारेल, मारू दे. मारलं असतं तर मला बरंच वाटलं असतं.

आत्या बागेत होती. वाळलेली रोपं उपटून मोळ्या करत होती. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

“आत्या, रिंगा डुप्लिकेट नव्हत्या.”

तिनं मान वर केली नाही. “मला वाटलंच. माझ्या हातनंच कायतरी झालं आसंल. भंडारा टाकल्यावर तू वरडलास, तवाच मनात आलं, देवाला रुचलं न्हाय.”

म्हणजे इतके दिवस ती स्वतःला दोष देत होती.

“देवाचा काय संबंध न्हाय,” मी म्हणालो. “तुझा बी न्हाय. त्या भंडाऱ्यात कच हुती. मला हाताला लागली हुती. गरम पाण्यानं परत धुवायला पायजे हुतं, अर्ध्या तासाचं काम. रेश्मा पाणी तापवती म्हणाली, मीच नको म्हणालो.”

“का?”

“तुला आधीच वाईट बोललो हुतो. तुझ्या डोळ्यांदेखत भंडारा गटारात गेला असता. तुला काय वाटंल, म्हणून न्हाय धुतलं.”

ती उपटायची थांबली. तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. राग असता तर मी समजू शकलो असतो, रागातलं मला सगळं कळतं.

“आरं, मेंढरं कातरायच्या आधी आमी काय करतो?” ती म्हणाली. “आदी भंडारा टाकतो, आन् मग वढ्यात घालून खळाखळा धुतो. धुतल्याबिगर कातर लावतच न्हाय. सगळा भंडारा वाहून जातो की. जल्मभर धुतला मी त्यो. देव काय धुवून जातोय व्हय?”

तिनं हातातलं रोप मोळीवर टाकलं.

“तू एका शब्दानं ईचारायचं हुतंस, मोहन. मीच तापवलं असतं पाणी.”

एवढं बोलून तिनं पायाशी पडलेली मोळी उचलली आणि माझ्या हातात दिली. “बांधावर टाक तेवढी,” म्हणाली, आणि पुढच्या ओळीतली रोपं उपटायला लागली.